प्रॉडक्ट मॅनेजरची मुलाखत आणि संशोधनाची शिस्त

नेट-जेआरएफचा अभ्यास करणारे, पीएच.डी.च्या मुलाखतींना जाणारे आणि ‘कंपनीत काही मिळतंय का ते बघू’ म्हणणारे, असे तीन गट कॉलेजात दिसतात. बाहेरून ते वेगळे वाटतात, पण बऱ्याचदा ती एकच व्यक्ती असते, फक्त महिने वेगळे असतात. एम.एस्सी. झालेली, प्रयोगशाळेत वर्ष-दोन वर्षं काढलेली मुलं हल्ली मला एक प्रश्न हमखास विचारतात. टेक कंपन्यांमध्ये प्रॉडक्ट मॅनेजर नावाची नोकरी असते, तिच्या मुलाखतीची तयारी आपल्यासारख्यांनी कशी करायची?

इंटरनेटवर या तयारीचं भरपूर साहित्य आहे. त्यातलं बरंचसं ‘ही पाच पायऱ्यांची चौकट पाठ करा’ या धाटणीचं असतं. माझ्या मते संशोधनाच्या विद्यार्थ्याला चौकटी पाठ करायची गरज कमी आहे, कारण या मुलाखतीतले बहुतेक प्रश्न म्हणजे वेगळ्या कपड्यातले रिसर्च मेथडॉलॉजीचे प्रश्न असतात. मात्र संशोधनातल्या काही सवयी तिथे आडव्याही येतात. या लेखात दोन्ही बाजू बघू. तुम्ही पुढे संशोधनच करणार असाल तरी हे वाचा. पीएच.डी.च्या मुलाखतीत यातलं बरंच काही जसंच्या तसं विचारलं जातं.

हा माणूस नेमकं करतो काय?

कोड इंजिनिअर लिहितात, स्क्रीन कशी दिसेल ते डिझायनर ठरवतात, माल विकायचं काम सेल्सवाल्यांचं. मग प्रॉडक्ट मॅनेजर काय करतो? काय बनवायचं, कोणासाठी बनवायचं आणि त्याआधी काय बनवायचं नाही, हे तो ठरवतो. गंमत म्हणजे यांतलं कोणीही सहसा त्याच्या हाताखाली नसतं. त्याला हुकूम सोडता येत नाही, पटवून द्यावं लागतं.

या भूमिकेचं मूळ संगणकात नाही, साबणात आहे. १९३१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकेलरॉय हा तरुण कॅमे साबणाच्या जाहिरातीचं काम बघत होता. एकेका ब्रँडची सगळी जबाबदारी एकाच माणसाकडे असावी, त्याने विक्रीचे आकडे तपासावेत, जिथे विक्री कमी तिथे जाऊन कारण शोधावं, उपाय करून बघावा आणि परिणाम मोजावा, असं सुचवणारं टिपण त्याने वरिष्ठांना लिहिलं. निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, मोजमाप हा क्रम तुमच्या ओळखीचाच आहे. हाच मॅकेलरॉय पुढे अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला आणि त्याच्या कारकिर्दीत, १९५८ साली, आर्पा ही संशोधनसंस्था उभी राहिली. इंटरनेटचा पूर्वज असलेलं आर्पानेट याच संस्थेच्या पैशातून झालं.

सॉफ्टवेअरमध्ये नवख्या मुलांना या कामासाठी थेट घेऊन घडवण्याची पद्धत गूगलने रुजवली. मरिसा मायर यांनी २००२ साली तिथे असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजर कार्यक्रम सुरू केला. आपल्याकडे ही दारं प्रामुख्याने इंजिनिअरिंग आणि एम.बी.ए.वाल्यांसाठी उघडतात हे खरं. विज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला बऱ्याचदा आधी डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणून आत शिरून मग वळण घ्यावं लागतं. प्रश्न मात्र सगळ्यांना तेच असतात.

मुलाखतीत कोणते प्रश्न येतात?

कंपनीगणिक फेऱ्यांची नावं बदलतात, पण प्रश्नांचे प्रकार साधारण पाच आहेत: अंदाज बांधा, हे प्रॉडक्ट सुधारा, यश कशाने मोजाल, आकडा का घसरला, आणि तुम्ही स्वतः आजवर काय केलंत. मॅनहोलचं झाकण गोलच का असतं, या छापाची कोडी एकेकाळी लोकप्रिय होती. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी २०१३ साली जाहीरपणे सांगितलं की अशा कोड्यांवरून पुढच्या कामाचा काहीच अंदाज येत नाही. तेव्हा कोड्यांची पुस्तकं बाजूला ठेवा आणि या पाच प्रकारांकडे बघा.

पहिला प्रकार: अंदाज

‘पुणे शहरात दिवसाला चहाचे किती कप विकले जातात?’

हा फर्मी-प्रश्न. १६ जुलै १९४५ रोजी पहिल्या अणुस्फोटाच्या वेळी एनरिको फर्मीने कागदाचे कपटे हातातून सोडले, धक्क्याच्या लाटेने ते किती लांब उडाले ते पाहिलं आणि स्फोटाची शक्ती सुमारे १० किलोटन असल्याचा अंदाज केला. खरी शक्ती त्याच्या साधारण दुप्पट निघाली. कागदाच्या कपट्यांवरून आलेलं हे उत्तर योग्य घातांकात होतं, एवढं पुरे असतं.

आता चहा. पुढचे सगळे आकडे गृहीत आहेत, आणि मुलाखतीतही ते तसं म्हणूनच मांडायचे. लोकसंख्या ४० लाख धरू. त्यातली पंधरा वर्षांखालची मुलं वजा केली की ३० लाख उरतात. रोज कामाला किंवा कॉलेजला घराबाहेर पडणारे त्यातले निम्मे, म्हणजे १५ लाख. त्यातले दोनतृतीयांश बाहेर चहा पितात, म्हणजे १० लाख. सरासरी दीड कप धरला तर उत्तर येतं १५ लाख कप.

बरेच उमेदवार इथे थांबतात. तुम्ही थांबू नका, उलट्या बाजूने तपासा. एक टपरी दिवसात बारा तास चालते, तासाला सरासरी २५ कप विकते, म्हणजे ३०० कप. १५ लाख कपांसाठी ५,००० टपऱ्या लागतील, म्हणजे दर ८०० माणसांमागे एक. आपल्या गल्लीतल्या, ऑफिसाबाहेरच्या, स्टँडवरच्या टपऱ्या आठवल्या तर हे पटण्यासारखं आहे. उत्तर दर ५० माणसांमागे एक टपरी असं आलं असतं, तर कुठेतरी गडबड आहे हे लगेच कळलं असतं. एकाच राशीकडे दोन स्वतंत्र वाटांनी जाणं आपण प्रयोगशाळेत रोज करतो.

तिसरी पायरी फक्त विज्ञानाचा विद्यार्थी सहज करू शकतो: चूक किती असेल? ‘निम्मे’, ‘दोनतृतीयांश’ आणि ‘दीड कप’ ही तीन गृहीतं प्रत्येकी दीडपट इकडे-तिकडे असू शकतात असं समजा. तिन्ही एकाच दिशेने चुकली तर उत्तर जवळजवळ साडेतीनपट चुकेल. पण ती एकमेकांवर अवलंबून नसतील तर काही चुका एकमेकींना खातात. लॉगमध्ये वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतलं की साधारण दोनपट चूक येते. म्हणजे खरा आकडा साडेसात लाख ते तीस लाख यांच्या दरम्यान असण्याची शक्यता चांगली आहे. हे एका वाक्यात सांगा आणि पुढे जोडा, ‘मला एकच गोष्ट मोजायची मुभा दिली, तर मी बाहेर चहा पिणाऱ्यांचं प्रमाण मोजेन, कारण त्याबद्दल मला सगळ्यात कमी खात्री आहे.’ पीएच.डी.च्या मुलाखतीत ‘किती नमुने लागतील, किती वेळ लागेल’ असं विचारतात तेव्हा याच पद्धतीचं उत्तर अपेक्षित असतं.

दुसरा प्रकार: हे प्रॉडक्ट सुधारा

‘लोकलच्या तिकिटाचं अ‍ॅप कसं सुधाराल?’ असा प्रश्न आला की उमेदवार लगेच सूचनांचा पाऊस पाडतात. आवाजावर चालवा, एआय टाका, रंग बदला. समस्या न सांगता उपकरणं मागणाऱ्या रिसर्च प्रपोजलसारखंच हे झालं.

आधी माणूस निवडा. रोजचा पासधारक, कधीतरी मुंबईला येणारे सातारचे आजोबा आणि गाडी सुटत असताना स्टेशनात धावत आलेली नर्स, या तिघांच्या अडचणी वेगळ्या आहेत. समजा तुम्ही नर्स निवडली. तिची तक्रार अशी: अ‍ॅपवर मोबाइल तिकीट काढायचं तर स्टेशनापासून, रुळांपासून थोडं लांब असावं लागतं. स्टेशनात पोहोचल्यावर ते निघत नाही, तिथला क्यूआर कोड शोधून स्कॅन करावा लागतो.

घाईतला उमेदवार म्हणतो, ‘ही अटच काढून टाका.’ विचार करणारा विचारतो, ‘ही अट आली कुठून?’ अट नसेल तर लोक विनातिकीट गाडीत बसतील आणि टीसी दिसला की मोबाइल काढून तिकीट घेतील. म्हणजे प्रवाशाची जी गैरसोय, तोच रेल्वेचा महसूल राखणारा बंधारा आहे. खरा प्रश्न आता हातात येतो: फसवणूक न वाढवता प्रामाणिक पण घाईतल्या प्रवाशाचा वेळ कसा वाचवायचा? यावर दोन-तीन पर्याय मांडा, एक निवडा आणि का निवडला ते सांगा. निवडलेल्या पर्यायाचा तोटा स्वतःहून सांगितलात तर उत्तम.

संशोधनात याला आपण लिटरेचर रिव्ह्यू म्हणतो. जे विचित्र दिसतंय ते तसं का आहे, याचा शोध घेतल्याशिवाय ‘रिसर्च गॅप सापडली’ म्हणायचं नसतं.

तिसरा प्रकार: यश कशाने मोजाल?

मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनमधला एक किस्सा संशोधकांनी २०१२ साली शोधनिबंधात नोंदवला आहे. एका प्रयोगात बग शिरला आणि काही वापरकर्त्यांना अगदी खराब निकाल दिसू लागले. आकडे बघितले तर दरमाणशी सर्च १० टक्क्यांहून जास्त वाढले होते आणि दरमाणशी उत्पन्न ३० टक्क्यांहून जास्त! कारण उघड आहे. पहिल्या शोधात हवं ते मिळालं नाही म्हणून लोक पुन्हापुन्हा शोधत होते, आणि निकालच खराब असल्यामुळे जाहिराती त्यामानाने बऱ्या वाटत होत्या. ‘सर्चची संख्या’ किंवा ‘उत्पन्न’ हे यशाचं माप धरलं असतं, तर बिंगने मुद्दाम वाईट निकाल दाखवायला हवे होते. म्हणून त्या मंडळींनी दरमाणशी सेशन, म्हणजे माणूस किती वेळा परत येतो, या मापाला महत्त्व दिलं.

यूट्यूबनेही २०१२ साली असंच वळण घेतलं. व्हिडिओ सुचवताना किती जणांनी क्लिक केलं यापेक्षा किती वेळ पाहिला याला वजन मिळालं, कारण फसव्या चित्रांवर क्लिक भरपूर पडायचे आणि लोक दोन सेकंदांत बाहेर पडायचे. अर्थात पाहण्याचा वेळ हे मापही निर्दोष नाही. लांबवलेला व्हिडिओ आणि चांगला व्हिडिओ यांतला फरक त्याला कळत नाही.

या सगळ्यामागचं तत्त्व म्हणजे गुडहार्टचा नियम. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाबद्दल तो मांडला. सोप्या भाषेत, एखादं माप हेच उद्दिष्ट बनलं की ते चांगलं माप उरत नाही. आपल्या क्षेत्रात याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. शोधनिबंधांची संख्या हे माप ठरलं की काय होतं, ते आपण बघतोच आहोत.

उत्तर देताना तीन गोष्टी सांगा. एक मुख्य माप, ते कशाचं प्रतिनिधित्व करतं, आणि ते वाढत असताना काय बिघडता कामा नये. उदाहरणार्थ, तिकीट अ‍ॅपसाठी ‘अ‍ॅप उघडल्यापासून तिकीट मिळेपर्यंतचा वेळ’ हे मुख्य माप ठेवलं, तर सोबत विनातिकीट प्रवाशांचं प्रमाण आणि पैसे कापले गेले पण तिकीट आलं नाही अशा तक्रारींवर नजर ठेवावी लागेल.

चौथा प्रकार: आकडा का घसरला?

‘आमच्या पेमेंट अ‍ॅपवर यूपीआय व्यवहार यशस्वी होण्याचं प्रमाण या महिन्यात एका टक्क्याने घसरलं. काय कराल?’

एक टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटू शकतं. पण ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयने महिन्याला १,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० कोटींचा. या पातळीवर एक टक्का म्हणजे वीस कोटी वेळा कुणीतरी किराणा दुकानात मोबाइल धरून ओशाळं होऊन उभं राहिलं.

पहिला प्रश्न: मोजण्याची पद्धत बदलली का? नवा माणूस प्रयोगशाळेत आला आणि रीडिंग बदललं, तर आपण आधी कॅलिब्रेशन तपासतो. इथेही तसंच. दुसरा: घसरण एका रात्रीत झाली की हळूहळू? रात्रीतून झाली असेल तर नवं अपडेट किंवा एखादी यंत्रणा बंद पडणं, हळूहळू झाली असेल तर वापरकर्ते बदलत असणं, हे आधी तपासायचं.

तिसरी पायरी म्हणजे तुकडे पाडणं. एनपीसीआय फसलेले व्यवहार दोन गटांत मोजते. बँकेची किंवा मधली यंत्रणा चालली नाही म्हणून फसलेले ते टेक्निकल डिक्लाइन, आणि चुकीचा पिन, अपुरी शिल्लक, मर्यादा ओलांडणं वगैरे कारणांनी फसलेले ते बिझनेस डिक्लाइन. फक्त दुसरा गट वाढला असेल तर सर्व्हर तपासण्यात आठवडा घालवणं व्यर्थ आहे. महिनाअखेरीस खात्यात पैसे कमी असतात, हे तिथे तपासण्यासारखं पहिलं गृहीतक.

आणि एक सापळा. समजा ‘अ’ बँकेत ९९ टक्के व्यवहार यशस्वी होतात आणि ‘ब’ बँकेत ९५ टक्के. गेल्या महिन्यात ८० टक्के व्यवहार ‘अ’चे आणि २० टक्के ‘ब’चे होते. एकूण प्रमाण ९८.२ टक्के. या महिन्यात दोन्ही बँका सुधारल्या, ९९.१ आणि ९५.२ झाल्या. पण ‘ब’चे ग्राहक वाढून वाटा निम्मा-निम्मा झाला. एकूण प्रमाण आलं ९७.१५! दोन्ही बँका सुधारल्या तरी एकूण आकडा एका टक्क्याहून जास्त घसरला. हा सिम्प्सनचा विरोधाभास. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातले १९७३ चे प्रवेश. एकूण आकड्यांत ४४ टक्के पुरुष अर्जदारांना आणि ३५ टक्के स्त्री अर्जदारांना प्रवेश मिळालेला दिसत होता. विभागवार पाहिल्यावर कळलं की स्त्रियांचे अर्ज जास्त करून अशा विभागांकडे होते जिथे सगळ्यांनाच प्रवेश मिळणं अवघड होतं.

प्रयोगाचा उपप्रश्न

बदल करायचं ठरलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘तो उपयोगी पडला हे कसं कळेल?’ उत्तर ए-बी टेस्ट. वापरकर्त्यांचे यादृच्छिक दोन गट, एकाला जुनं, एकाला नवं. इथपर्यंत सगळेच सांगतात. तुम्ही नमुन्याचा आकार सांगा.

लक्षात ठेवायला सोपं सूत्र आहे. प्रत्येक गटात लागणारी माणसं म्हणजे १६ गुणिले व्हेरियन्स, भागिले पकडायच्या फरकाचा वर्ग. ही ९५ टक्के कॉन्फिडन्स आणि ८० टक्के पॉवरसाठीची ढोबळ मांडणी आहे. समजा अ‍ॅपवर येणाऱ्यांपैकी ५ टक्के लोक खरेदी करतात आणि ते ५.२५ टक्के झाले तर आपल्याला कळायला हवं. व्हेरियन्स ०.०५ गुणिले ०.९५ म्हणजे ०.०४७५. फरक ०.००२५. उत्तर येतं प्रत्येक गटात सुमारे १,२१,६०० माणसं. याच्या निम्मा फरक पकडायचा असेल तर चौपट माणसं. आपल्या छोट्या कंपनीकडे महिन्याला वीस हजारच लोक येत असतील, तर ही टेस्ट करण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा दहा वापरकर्त्यांशेजारी बसून ते अ‍ॅप कसं वापरतात ते बघा, असं सांगणारा उमेदवार लक्षात राहतो.

दुसरी काळजी म्हणजे मध्येच डोकावणं. रोज निकाल बघून ‘आज पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली, थांबवा’ असं केलं तर पाच टक्क्यांची हमी उरत नाही. प्रत्यक्षात काहीच फरक नसतानाही, समान अंतराने पाच वेळा डोकावलं तर खोटा ‘फरक’ सापडण्याची शक्यता १४ टक्क्यांच्या आसपास जाते. हे ज्ञान उद्या थीसिसमध्येही तितकंच कामाचं आहे.

पाचवा प्रकार: तुम्ही काय केलंत?

इथे आपली मुलं मार खातात. कारण आपली भाषा. ‘नमुने तयार करण्यात आले, मोजमाप करण्यात आलं.’ शोधनिबंधात हे चालतं, मुलाखतीत मात्र कर्ता हरवतो. समोरच्याला जाणून घ्यायचं असतं की तुम्ही काय ठरवलंत, कोणाचा विरोध होता आणि तुम्ही तो कसा सोडवलात.

‘माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक कल्पित उदाहरण. विभागात एक्सआरडी मशीन एकच. बुकिंग वहीत. लोक स्लॉट अडवून ठेवतात, येत नाहीत, दुसरीकडे नवी मुलं तीन आठवडे ताटकळतात. एक विद्यार्थिनी महिनाभराची वही तपासते, किती स्लॉट रिकामे गेले ते मोजते, तो कागद घेऊन सरांकडे आणि ऑपरेटरकाकांकडे जाते. काकांना ऑनलाइन शीट नको असते, कारण त्यांना मोबाइलवर टाइप करणं जमत नाही. मग ती वही तशीच ठेवून एकच नियम बदलायला लावते: आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत नक्की केलं नाही तर स्लॉट पुढच्याला. महिन्याने पुन्हा मोजते. यात वापरकर्ता आहे, पुरावा आहे, अडचण आहे, तडजोड आहे आणि मोजलेला परिणामही आहे. असं काहीतरी तुमच्याही प्रयोगशाळेत घडलेलं असतं. ते दोन मिनिटांत, ‘मी’ हा शब्द न लाजता वापरून सांगता आलं पाहिजे. दुसऱ्यांचं श्रेयही तितक्याच स्पष्टपणे द्यायचं.

आणखी एक सवय सोडावी लागते. संशोधनात शंका हा गुण आहे. म्हणून आपण प्रत्येक वाक्याला ‘परंतु’ लावतो आणि शेवटी ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ म्हणून मोकळे होतो. प्रॉडक्ट मॅनेजरला अपुऱ्या माहितीवर आज निर्णय घ्यायचा असतो. शंका जरूर सांगा, पण तिच्यापुढे निर्णय ठेवा: ‘मी हा पर्याय निवडतो. दोन आठवड्यांत अमुक आकडा हलला नाही तर मागे घेईन.’

सहा आठवड्यांची तयारी

पहिले दोन आठवडे रोज वापरता ती तीन अ‍ॅप निवडा आणि प्रत्येकावर एक पान लिहा: कोणासाठी, कोणती अडचण सोडवतं, पैसे कुठून येतात, कोणती गोष्ट विचित्र आहे आणि ती तशी का असावी. तिसऱ्या आठवड्यात रोज एक फर्मी-प्रश्न, दोन्ही बाजूंनी. चौथ्यात मेट्रिक आणि घसरणीचे प्रश्न, कागदावर झाडासारख्या फांद्या काढून. शेवटचे दोन आठवडे फक्त तोंडी सराव, तोही आपल्या विषयाबाहेरच्या मित्रासोबत. भौतिकशास्त्राच्या मुलाने इतिहासाच्या मुलीला समजावून सांगावं. तिने ‘म्हणजे काय?’ विचारलं की तिथे तुमची भाषा अडली असं समजा. स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐका. ऐकवत नाही, पण उपयोग होतो.

निकाल कसा वाचायचा?

शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. नकार आला की आपली मुलं ‘आपण त्या लायकीचेच नाही’ असा निष्कर्ष काढतात. या निष्कर्षाला पुरावा किती आहे ते बघू.

मुलाखतीतली कामगिरी आणि नंतरची नोकरीतली कामगिरी यांचा संबंध किती, यावर अनेक दशकं संशोधन झालंय. श्मिट आणि हंटर यांच्या १९९८ च्या गाजलेल्या आढाव्यात ठरावीक प्रश्न आणि ठरावीक गुणपद्धती असलेल्या मुलाखतींसाठी हा सहसंबंध ०.५१ होता. २०२२ साली सॅकेट आणि सहकाऱ्यांनी जुन्या आकडेमोडीतल्या दुरुस्त्या जास्त झाल्या होत्या असं दाखवलं आणि तो ०.४२ वर आणला. गप्पा मारल्यासारख्या, ठरावीक आखणी नसलेल्या मुलाखतींसाठी तो ०.१९ इतकाच आला. गंमत बघा, ०.४२ घेऊनही आखीव मुलाखत त्यांच्या यादीत सगळ्यात वरच होती.

०.४२ चा वर्ग सुमारे ०.१८. म्हणजे चांगल्यातली चांगली मुलाखतही लोकांच्या कामगिरीतल्या फरकापैकी १८ टक्क्यांच्या आसपासच सांगते. उरलेलं तिला दिसत नाही. कंपनीला शेकडो उमेदवारांतून निवड करायला एवढं मापही उपयोगी पडतं, कारण तिचा फायदा सरासरीत असतो. पण एका माणसाने एका नकारावरून स्वतःचं मोल ठरवणं म्हणजे एकाच नमुन्यावर थीसिस लिहिण्यासारखं आहे. तसा थीसिस गाइडने परत पाठवला असता.

त्यामुळे मुलाखत झाली की त्याच संध्याकाळी विचारलेले सगळे प्रश्न आणि दिलेली उत्तरं वहीत लिहून काढा. निकाल येण्याआधी लिहा, नाहीतर निकाल कळल्यावर आठवणी त्याच्या बाजूने वळतात. पाच-सहा मुलाखतींनंतर ती वही उघडा. एकाच प्रकारच्या प्रश्नाला पुन्हापुन्हा अडखळत असाल तर तो खरा सिग्नल आहे, त्यावर काम करा. बाकीचं बरंचसं नॉइज असतं.